हिरवा दिवा खोटा का ठरतो: स्टेटस पेजची पार्श्वभूमी

२८ फेब्रुवारी २०१७. ॲमेझॉनच्या एस-थ्री या फाइल साठवण सेवेत काम करताना एका कमांडमधली नोंद चुकली आणि ठरवल्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर बाजूला काढले गेले. असंख्य साइट्स अडखळल्या. ॲमेझॉनच्या स्टेटस पेजवर, म्हणजे सेवा चालू की बंद हे सांगणाऱ्या जाहीर पानावर मात्र सुमारे दोन तास हिरवे दिवे, कारण ते दिवे बदलायचं साधनही एस-थ्रीवरच टेकलेलं होतं. तोवर खबर ट्विटरवरून द्यावी लागली.

असं जाहीर पान ठेवायची रीत त्याआधीच रुजली होती. डिसेंबर २००५ मध्ये कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी ठेवायला लागणारी सेल्सफोर्स ही ऑनलाइन सेवा बंद पडली, ग्राहक भडकले आणि २००६ मध्ये कंपनीने यंत्रणेची रोजची स्थिती सगळ्यांसमोर मांडायला सुरुवात केली. ट्विटरने तर आपलं स्टेटस पेज टंबलर या ब्लॉग सेवेवर, म्हणजे चक्क दुसऱ्याच्या घरी थाटलं होतं. दिसायला गमतीशीर, पण हिशेब बरोबर. २०१३ च्या सुमारास तयार स्टेटस पेज भाड्याने देणाऱ्या सेवा आल्या आणि ‘तपास सुरू, कारण सापडलं, लक्ष ठेवून आहोत, निवारण झालं’ हे चार टप्पे सर्वत्र रूढ झाले.

वेगळं घर म्हणजे नुसता वेगळा सर्व्हर नव्हे. status हे उपनाव मुख्य डोमेनखालीच असेल, तर डीएनएस, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा, कोसळताच तेही गेलं. डोमेन वेगळं, डीएनएस पुरवठादार वेगळा, पान स्थिर एचटीएमएलचं, म्हणजे डेटाबेसविना आधीच तयार ठेवलेलं, आणि लॉगिन कंपनीच्या सिंगल साइन-ऑनशिवाय, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या एकाच सामाईक लॉगिनवर न टेकलेलं. शेवटची गोष्ट हमखास विसरली जाते. नोव्हेंबर २०२० मध्ये कायनेसिस ही ॲमेझॉनची सतत येणारा डेटा हाताळणारी सेवा बिघडली तेव्हा स्टेटस पेज बदलायला ॲमेझॉनकडे पर्यायी साधन होतं, चालतही होतं. पण ते हाताने चालवायचं, सवयीचं नाही, म्हणून सूचना उशिरा लागल्या. तेव्हा तीन महिन्यांतून एकदा तरी खोटी घटना टाकून सराव हवा.

राहिला प्रश्न लाल दिवा लावायचा कोणी. तपासणी दर मिनिटाला, किमान तीन ठिकाणांहून. त्यातली दोन ठिकाणं लागोपाठ दोनदा नापास झाली तरच इशारा, नाहीतर एखाद्या मार्गातली किरकोळ अडचणही घटना ठरते. इशारा यंत्राचा, जाहीर नोंद माणसाची, अशीच बहुतेकांची घडी. तिथेच पाणी मुरतं: सेवा ९९.९ टक्के वेळ चालू ठेवण्याच्या करारात ३० दिवसांत ४३ मिनिटं १२ सेकंदच बंद राहायची मुभा, आणि लाल दिवा लावणं म्हणजे भरपाईचा दावा ओढवून घेणं. म्हणून बटणाची परवानगी ड्युटीवरच्या अभियंत्याकडे असावी, विक्री विभागाकडे नको.