लेप्याच्या कानातला खडा

ढोम्याचं डोकं चोखून खाणाऱ्यांना माहितीच असेल, आत दोन पांढरे टणक खडे दाताखाली येतात. ते हाड नाही, कानातले खडे आहेत. माशाला बाहेरून कान दिसत नाही, पण आत असतो, आणि तोल सांभाळायला, ऐकायला हे खडे लागतात. लेप्यासारख्या चपट्या माशातही, म्हणजे दोन्ही डोळे एकाच बाजूला असतात त्या माशात, हे खडे असतात, पण एकदम बारीक, शोधायला नजर लागते.

मजा अशी की मासा मेला की हाडं विखुरतात, काटे जातात, पण हा खडा चिकणमातीत कोट्यवधी वर्षं तसाच राहू शकतो. फक्त माती आम्लधर्मी नको, कारण खडा कॅल्शियम कार्बोनेटचा, लगेच विरघळतो. अख्खा चपटा मासा दगडात मिळणं फार दुर्मिळ. इटलीत मोंते बोल्काला 5 कोटी वर्षांपूर्वीचे मिळाले, त्यातल्या दोन प्रकारांत एक डोळा अर्ध्या वाटेपर्यंतच सरकलेला आहे हे जीवाश्मांचे अभ्यासक मॅट फ्रीडमननी 2008 मध्ये दाखवलं. बाकी ठिकाणी खडेच शोधायचे: माती भिजवायची, बारीक चाळणीतून धुवायची आणि उरलेला गाळ मायक्रोस्कोपखाली ब्रशने निवडत बसायचं, तांदळातले खडे निवडतो तसंच, फक्त इथे खडाच ठेवायचा असतो.

मग ओळखायचं कसं? खड्याच्या आतल्या बाजूला एक खाच असते. बऱ्याच माशांत ती पुढच्या कडेला उघडते, लेपा आणि त्याच्यासारखाच चपटा सोल मासा यांच्या कुटुंबांत मात्र ती उथळ, मधल्या मधेच संपणारी, आणि भोवती हलकासा खळगा. जर्मनीत एर्न्स्ट कोकेननी 1884 मध्येच अशा खड्यांवरून माशांना नावं द्यायला सुरुवात केली होती, मला हे फार धाडसाचं वाटतं.

कारण चपट्या माशात खरी गोची वेगळीच आहे. त्याचं अख्खं डोकंच वाकडं, त्यामुळे कित्येक जातींत डावा आणि उजवा खडा सारखा नसतो. युरोपातल्या प्लेस या चपट्या माशाचे दोन खडे बघा, एकात वाढीचा गाभा मधोमध, दुसऱ्यात बाजूला सरकलेला. म्हणजे एकाच माशाच्या दोन कानांवरून दोन नव्या जाती जाहीर व्हायची पूर्ण भीती! शिवाय पिल्लाचा खडा गुळगुळीत गोल, कोणाचाही वाटेल असा. म्हणून आजच्या माशांचे दोन्ही बाजूंचे, लहानमोठे खडे शेजारी ठेवूनच जुळवावं लागतं. वर्नर श्वार्झहान्सनी चपट्या माशांच्या आजच्या आणि जीवाश्म खड्यांवर 1999 मध्ये अख्खा ग्रंथ काढला तो त्यासाठीच. आणि खडा झिजलेला असेल तर जातीचं नाव द्यायचंच नाही, ‘सोलच्या कुटुंबातलं कोणीतरी’ एवढंच लिहून डबीत ठेवायचं.