मेस्त्रे म्हणजे व्हेनिस नव्हे

व्हेनिसमध्ये रस्त्यांऐवजी कालवे आहेत आणि गोंडोला महाग पडतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. विमानतळ दोन आहेत, मार्को पोलो आणि त्रेविझो. तिकिटावर नाव असतं, तिथे कोणी चुकत नाही. चुकतात ते मेस्त्रेपाशी. ओळखीतलं कोणी इटलीचं बुकिंग दाखवतं, हॉटेल ‘व्हेनिस’मध्ये स्वस्तात मिळालेलं असतं आणि पत्ता मेस्त्रेचा निघतो. दर वेळी जीव हळहळतो.

मेस्त्रे हे मुख्य भूमीवरचं साधं शहर: फ्लॅटच्या इमारती, मोटारी, ट्राम. कालव्यांचं व्हेनिस खाजणाच्या पलीकडे, बेटांवर. पण १९२६ पासून दोन्हींची महापालिका एकच, त्यामुळे हॉटेलवाला ‘व्हेनिस’ लिहितो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. म्हणूनच नावावर न जाता नकाशा उघडून बघा.

स्टेशनांचंही तेच. वेनेत्सिया (इटालियनमध्ये व्हेनिस) मेस्त्रे आणि वेनेत्सिया सांता लुचिया. ‘वेनेत्सिया’ ऐकू आलं की मंडळी बॅगा घेऊन मेस्त्रेलाच उतरतात. बेटावर जायचं तर सांता लुचियाला उतरायचं. बाहेर पडलं की समोर थेट ग्रँड कॅनॉल. त्रिएस्तेकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या मात्र बेटावर जातच नाहीत, त्यांतून मेस्त्रेला उतरून गाडी बदलावी लागते. तिथून खाजणावरच्या १८४६ च्या रेल्वेपुलावरून बेटापर्यंत दहाएक मिनिटं.

‘दहाच मिनिटं ना, मग काय बिघडलं?’ हा प्रश्न ऐकला की मला राहवत नाही. बिघडतं ते संध्याकाळी. दिवसभराची गर्दी परतते, गल्ल्यांत फक्त पावलांचा आणि पाण्याचा आवाज उरतो, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही गाडी पकडायला निघालेले असता. सकाळी साडेसहाचा सान मार्को चौकही हुकतो. मेस्त्रेत तीन रात्री काढण्यापेक्षा बेटावर एकच काढा. कान्नारेज्जो भागात खोली घेतली तर स्टेशनपासून चालत जाता येतं. बॅगा उचलून पुलांच्या पायऱ्या चढणं घरातल्या वडीलधाऱ्यांना झेपणार नसेल, किंवा भाड्याची मोटार सोबत असेल, तर मेस्त्रे खुशाल घ्या.

एका बाबतीत मेस्त्रेही व्हेनिसच धरलं जातं. २०२४ पासून ठरावीक दिवशी फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेशशुल्क आहे. पालिका हद्दीत मुक्काम असलेल्यांना ते माफ. मात्र त्या माफीची ऑनलाइन नोंदणी आधी करावी लागते.