लाल गोळी आणि वेचणीचे दिवस

दिवाळीच्या सुमारास यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यात दिवसा बायका घरी सापडत नाहीत. कापसाची वेचणी सुरू असते आणि मजुरी किलोवर. सहावा महिना लागलेली बाईही वेचलेला कापूस ठेवायला कमरेला ओटी बांधून पिकाच्या ओळीत उभी असते. तिच्या घरच्या फळीवर मात्र रक्तवाढीच्या लाल गोळ्यांची पाकिटं पडून असतात, बरीचशी न फोडलेली. ‘अडाणीपणा, दुसरं काय!’ हा आपला ठरलेला शेरा. मला तो पटत नाही.

गरोदरपणात रक्तातला पातळ भाग जवळपास दीडपट होतो, तांबड्या पेशी त्या मानाने कमी वाढतात. त्यामुळे हिमोग्लोबिन थोडं उतरणारच. पण ते 11 ग्रॅमच्या खाली गेलं की ॲनिमिया, 7 च्या खाली गेलं की तीव्र. अशा बाईला बाळंतपणात जरा जास्त रक्त गेलं तरी ते झेपत नाही. म्हणून 180 दिवस रोज एक गोळी: 60 मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक ॲसिड.

गोळी फुकट मिळते, पण खाणं फुकट पडत नाही. मळमळतं, पोट साफ होत नाही, आणि दिवसभर शेतात असलेल्या बाईला आडोसा शोधत फिरावं लागतं. त्यात न शोषलेलं लोह बाहेर पडताना शौचाला काळी होते. “गोयी खाल्ली का संडास कायी होते, मंग लेकरू कायं नाही होनार काय?” प्रश्न चुकीचा असेल, पण डोळ्यांनी पाहिलेल्यावरून काढलेला आहे. बाळाचा रंग आईबापाकडून आलेल्या जनुकांवर ठरतो, लोहाचा त्यात काही हात नाही. पाकीट हातात देतानाच ‘काळी होईल, घाबरू नको’ एवढं सांगितलं असतं तर?

सासूचं म्हणणं वेगळं. गोळ्या आणि जास्तीचं खाणं, यानं बाळ मोठं होतं, मग बाई अडते. तिच्या उमेदीच्या काळात अडलेल्या बाईला न्यायला गाडी नव्हती; लहान बाळ म्हणजे सुटका, हे तिनं पाहिलेलं. आता सिझरची भीती त्यात मिसळली आहे, कारण सिझर म्हणजे कित्येक आठवडे मजुरी बंद. उलट अडीच किलोच्या आतलं बाळच जास्त आजारी पडतं, हे सासूला पटवायचं तर सुनेशी बोलून भागत नाही. ताटात किती वाढायचं ते सासू ठरवते.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, 2016 पासून. नोव्हेंबरातली 9 तारीख म्हणजे भर वेचणी. एक दिवसाची मजुरी, ऑटोचं भाडं, सोबत येणाऱ्या जावेचीही मजुरी. हा हिशेब ती मनातल्या मनात करते आणि बऱ्याचदा पुढच्या महिन्यावर ढकलते. मोबदला मात्र दिसतच नाही: बाळंतपणात धोका टळला, तर तो गोळीमुळे टळला हे कोणाला कळणार?

कॅल्शियमच्या गोळ्या वेगळ्या. त्या लोहासोबत घेतल्या तर लोह कमी शोषलं जातं. चहाचंही तसंच, आणि आपल्याकडे सकाळ उगवते ती चहानेच. जाणत्या आशाताई त्यामुळे तासांचं वेळापत्रक सांगत बसत नाहीत. लाल गोळी रात्री, जेवून थोडा वेळ झाल्यावर, लिंबाच्या पाण्यासोबत. कॅल्शियम सकाळी, भाकरीबरोबर. रात्री घेतली की मळमळ बरीचशी झोपेत निघून जाते, आणि सकाळी ओटी बांधायला बाई मोकळी.