फेब्रुवारीत सुरगाण्याचा माणूस मोजला कुठे?

२८ फेब्रुवारी २०११ ची मध्यरात्र. २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या या एका क्षणाची आहे. नाशिक जिल्ह्यात हा क्षण आला तेव्हा निफाड-दिंडोरीत द्राक्षांची काढणी ऐन भरात होती. अशा दिवसांत सुरगाणा, पेठच्या पाड्यांवरची कितीतरी कुटुंबं बागांमध्ये मुक्कामाला असतात. मग त्यांची नोंद कुठे झाली? जनगणनेचे आकडे अभ्यासाला घेणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारायला हवा. त्याचं उत्तर तक्त्यात मिळत नाही, प्रगणकाला, म्हणजे घरोघर जाऊन मोजणी करणाऱ्याला, दिलेल्या नियमांत मिळतं.

नियम असा. ९ ते २८ फेब्रुवारी या वीस दिवसांत माणूस आपल्या नेहमीच्या घरी एकदा जरी राहिला असेल, तर त्याची नोंद तिथेच होते. वीसही दिवस बाहेर असेल, तर जिथे सापडेल तिथे. ज्यांच्या डोक्यावर कसलंच छप्पर नाही, त्यांची मोजणी २८ च्या रात्री. नंतर १ ते ५ मार्च दुसरी फेरी: मध्यरात्रीपूर्वी जन्मलेली बाळं वाढवायची, दगावलेली माणसं कमी करायची. म्हणजे मधल्या आठवड्यात दोन दिवस घरी जाऊन आलेला मजूर सुरगाण्याचा, आणि महिनाभर टोळीसोबत बागेतच राहिलेलं कुटुंब निफाडचं. दोघांचं काम तेच, तालुका मात्र वेगळा.

हे स्थलांतराच्या तक्त्यांतून बाहेर काढता येईल असं वाटतं, पण तिथेही अडचण आहे. जिल्हा पातळीवर छापलेल्या तक्त्यात 'त्याच जिल्ह्यातील इतर ठिकाण' असा एकच रकाना असतो. सुरगाण्याहून निफाडला कामाला आलेले आणि सिन्नरहून नाशिक शहरात राहायला गेलेले त्यात एकत्र होतात. मुक्काम 'एक वर्षापेक्षा कमी' आणि कारण 'काम' अशी छाननी केली तरी कोणता तालुका कोणाकडे माणसं पाठवतो, ते कळत नाही. हंगामी स्थलांतरासाठी राष्ट्रीय नमुना पाहणी, म्हणजे निवडक कुटुंबांची सरकारी पाहणी, जास्त उपयोगी. तिच्या ६४ व्या फेरीत कामासाठी वर्षभरात एक ते सहा महिने बाहेर राहिलेल्यांची वेगळी नोंद घेतली होती. पण नमुना लहान असल्याने ती तालुक्यापर्यंत उतरत नाही. दोन्ही साधनं एकमेकांशेजारी ठेवूनच वाचावी लागतात.

कामाच्या रकान्यांचंही असंच. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलं तर 'मुख्य काम करणारा', त्याहून कमी तर 'सीमांतिक'. एकाहून अधिक कामं असतील, तर ज्यात जास्त वेळ गेला ते काम धरलं जातं. पाड्यावर स्वतःच्या दोन एकरांत चार महिने नागली-वरई करणारा आणि पाच-सहा महिने दुसऱ्याच्या बागेत राबणारा माणूस तक्त्यात 'शेतमजूर' म्हणून येतो. त्याची जमीन तक्त्यात कुठेच दिसत नाही. उलट, बटाईने दुसऱ्याची जमीन कसणारा 'शेतकरी' म्हणून मोजला जातो. म्हणून 'तालुक्यात इतके टक्के शेतमजूर, म्हणजे इतके टक्के भूमिहीन' हे वाक्य साफ चुकीचं आहे. प्रबंधांमध्ये ते सर्रास आढळतं, याचं वाईट वाटतं. जमिनीसाठी कृषी गणना पाहावी.

आता प्रत्यक्ष फाइलकडे. गावनिहाय आकड्यांसाठी 'प्राथमिक जनगणना सार' आणि रस्ता, शाळा, पाणी, दवाखाना या सोयींसाठी जिल्हा जनगणना पुस्तिकेतली ग्रामसूची, एवढ्यावर बरंच काम होतं. साराची एक्सेल फाइल उघडली की एकाच रकान्यात जिल्हा, तालुका, गाव, शहर अशा सगळ्या पातळ्यांच्या ओळी एकाखाली एक येतात. शिवाय जिल्हा आणि तालुक्याच्या ओळी 'एकूण', 'ग्रामीण', 'नागरी' अशा तीनदा असतात. न गाळता रकान्याची बेरीज केली, तर जिल्ह्याची लोकसंख्या काही पटींनी फुगते. आधी पातळी गाळा, मग बेरीज करा आणि ती छापील एकूण आकड्याशी जुळते का बघा. नाशिक जिल्ह्यासाठी २०११ चा अंतिम आकडा ६१,०७,१८७ आहे. बेरीज ६१,०९,०५२ शी जुळवत बसलात, तर तुमच्या हातात तात्पुरता आकडा आहे. तो मोजणीनंतर लगेच जाहीर झाला होता आणि अजूनही जागोजागी उद्धृत होतो.

दुसरी खोड संकेतांकांची. महाराष्ट्र २७, नाशिक जिल्हा ५१६, गावाचा संकेतांक सहा आकडी. २००१ मध्ये मात्र जिल्हा २० आणि गावाचा संकेतांक आठ आकडी, पुढे शून्यं लावलेला. एक्सेल ही शून्यं गिळून टाकतं आणि दोन दशकांच्या फाइली जोडताना निम्मी गावं गळतात. फाइल उघडण्यापूर्वीच तो रकाना 'मजकूर' म्हणून ठरवावा. नावांवरून जोडणी तर करूच नये. पिंपळगाव, वडगाव, पिंपरी या नावांची गावं जिल्ह्यात किती आहेत ते एकदा मोजून पाहिलं, की कारण सांगावं लागत नाही.

साक्षरतेचा भागाकार हा हमखास चुकणारा हिशेब. जनगणनेत सात वर्षं आणि त्यापुढच्या माणसालाच साक्षर धरतात, तेव्हा भाजकातून ० ते ६ वयाची मुलं वजा करायची. समजा गाव २,००० वस्तीचं, त्यात ३०० मुलं, साक्षर १,१९०. बरोबर दर ११९० भागिले १७००, म्हणजे ७० टक्के. मुलं न वगळता काढला तर ५९.५. ज्या तालुक्यात मुलांचं प्रमाण जास्त, तिथे ही चूकही मोठी, म्हणजे नेमके आदिवासी तालुके विनाकारण आणखी मागे दिसतात. गावांच्या टक्केवारीची सरासरी म्हणजे तालुक्याची टक्केवारी नव्हे, हेही इथेच सांगायला हवं. चाळीस घरांचा पाडा आणि पिंपळगाव बसवंत यांना सारखं वजन देता येत नाही.

सगळ्यात जपून वापरायचा आकडा म्हणजे गावाचं बाल लिंग गुणोत्तर. गावात ० ते ६ वयाची १२० मुलं असतील आणि कुठलाही गर्भपात किंवा भेदभाव न होता खरं प्रमाण हजार मुलग्यांमागे ९५० मुली असेल, तरी निव्वळ योगायोगाने ते ६६० ते १,३६० यांत कुठेही पडू शकतं. वीस गावांपैकी एखादं याही बाहेर जाईल. तालुक्यात ३०,००० मुलं असतील, तर हाच पट्टा ९२९ ते ९७२ इतका अरुंद होतो. म्हणून गावाचा आकडा ७०० आला म्हणून बातमी करणं हा त्या गावावर अन्याय आहे. तालुक्याचा ८८० आला, तर तो गंभीर प्रश्न आहे.

वयाच्या बाबतीत लोक ३०, ३५, ४० असं गोल सांगतात. किती, ते तपासता येतं. एकेका वर्षाच्या वयाची लोकसंख्या देणारा जनगणनेचा सी-१३ हा तक्ता घ्या. २३ ते ६२ वयाच्या लोकांत वय ० किंवा ५ ने संपणारे मोजा, त्यांना ५ ने गुणा, एकूण लोकांनी भागा, १०० ने गुणा. ४०,००० माणसांत असे ११,२०० निघाले तर निर्देशांक १४०. गोल आकड्यांची ओढ नसती तर तो १०० च्या आसपास आला असता. १२५ च्या वर गेला, की एकेका वर्षाचं वय वापरू नये, पाच वर्षांचे गट करावेत.

दशकांची तुलना करताना हद्दीचा नकाशा आधी मांडावा. नाशिक शहर १९८१ मध्ये २,६२,४२८ होतं, १९९१ मध्ये ६,५६,९२५. दहा वर्षांत दीडशे टक्के वाढ! पण मध्ये, १९८२ साली, महानगरपालिका झाली आणि नाशिकरोड, देवळालीगाव, सातपूर आणि आसपासची खेडी एका हद्दीत आली. त्या वाढीतला मोठा वाटा रेषा हलल्याचा आहे. २००१ ते २०११ ची वाढ, १०,७७,२३६ वरून १४,८६,०५३, म्हणजे सुमारे ३८ टक्के, जास्त विश्वासाने वापरता येते. त्यातही 'नाशिक नागरी समूह' हा आकडा वेगळा, कारण देवळाली छावणी आणि भगूर महापालिकेत नाहीत पण समूहात आहेत. तालुक्यांचं पाहायचं तर १९९१ च्या तक्त्यात देवळा आणि त्र्यंबकेश्वर हे तालुकेच नाहीत. तुलना हवी असेल, तर गावं उचलून आजच्या तालुक्यांत पुन्हा बसवावी लागतात. शहरात २०११ च्या जनगणनेचे वॉर्ड आणि २०१७ च्या निवडणुकीतले ३१ प्रभाग जुळत नाहीत, हे प्रभागनिहाय अहवाल करणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावं.

भाषेच्या तक्त्यात बागलाण-मालेगावची अहिराणी 'मराठी' खाली शोधू नये, ती 'खानदेशी' या शीर्षकाखाली जाते. आणि घरात अहिराणी बोलणाऱ्याने प्रगणकाला 'मराठी' सांगितलं, तर तो मराठीत.

मोजणीत माणसं सुटतातच. मोजणीनंतरच्या पडताळणी पाहणीनुसार २०११ मध्ये देशात हजारी सुमारे २३ माणसं सुटली होती. छापील आकड्यांत ही दुरुस्ती केलेली नसते, त्यामुळे गावाच्या आकड्यात दोन-चार माणसांच्या फरकावर निष्कर्ष उभारू नयेत.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ च्या ००.०० तासांची आहे, म्हणजे पुन्हा द्राक्षाच्या हंगामात, आणि या वेळी सिंहस्थाच्या पर्वण्यांच्या तोंडावर. त्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असल्याने भाविकांची गर्दी या मोजणीत नसेल. पण घाट, रस्ते, पुलांच्या कामांवर महिनाभर मुक्काम ठोकून असलेले परगावचे मजूर नियमानुसार नाशिकचेच धरले जातील. तेव्हा शहरात २० ते ३४ वयाच्या पुरुषांचा आकडा फुगलेला दिसला, तर आधी तो त्याच वयाच्या स्त्रियांच्या आकड्याशी आणि स्थलांतराच्या तक्त्यातल्या 'मुक्काम एक वर्षापेक्षा कमी' या रकान्याशी ताडून पाहावा. पाण्याच्या आणि घरांच्या पुढच्या वीस वर्षांच्या मागणीचा हिशेब त्यानंतरच मांडावा.