वेब डेस्कटॉप

वेब डेस्कटॉप (वेबटॉप) : ब्राउझरच्या टॅबमध्ये उघडणारा संगणकाचा पडदा. वॉलपेपर, आयकॉन, फोल्डर, सरकणाऱ्या खिडक्या, खाली टास्कबार असे सगळे नेहमीसारखेच दिसते. फक्त ते समोरच्या यंत्रावर बसवलेले नसते. फायली दूरच्या सर्व्हरवर राहतात आणि कुठल्याही यंत्रावरून लॉगइन केले की तोच पडदा समोर येतो. मूळ प्रणालीच्या पडद्याला पर्याय म्हणून तो वापरायचा झाला, तर ब्राउझर पूर्ण पडदाभर उघडून बाकी सगळे झाकून टाकतात.

दूरस्थ डेस्कटॉपशी याची कायम गल्लत होते. तिथे खरी विंडोज दुसरीकडे चालते आणि तिचे चित्र तेवढे इकडे येते. मायक्रोसॉफ्टची २०२१ सालची विंडोज ३६५ ही सेवा त्या जातीची. वेब डेस्कटॉपच्या खिडक्या मात्र आपल्याच यंत्रावरचा ब्राउझर जावास्क्रिप्टने, म्हणजे वेबपानांच्या प्रोग्रॅमच्या भाषेने, रंगवतो. तालुक्याच्या गावी नेट रेंगाळू लागले की हा फरक हाताला कळतो. दूरस्थ डेस्कटॉपवर माउसचा बाण काळ्या रानातल्या चिखलातून चालल्यासारखा चालतो. वेब डेस्कटॉपवर खिडकी नीट सरकते, गाडी अडते ती फाइल सेव्ह करताना.

कल्पना जुनी आहे. १९९७ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ४ बरोबर आलेल्या ॲक्टिव्ह डेस्कटॉपने उलटा खेळ केला होता : वेबपानच विंडोजच्या पडद्यावर चिकटवले होते. २००५ मध्ये ‘अजॅक्स’ हे नाव रूढ झाले, पान पुन्हा न उघडता सर्व्हरशी बोलण्याची रीत पसरली आणि त्याच वर्षी कॅटलोनियात ‘आयओएस’ हा मुक्त, म्हणजे ज्याचा प्रोग्रॅम कोणालाही पाहता-बदलता येतो असा, वेब डेस्कटॉप निघाला (ॲपलच्या फोनमधल्या प्रणालीशी याचा काही संबंध नाही). मागोमाग आलेला यूओएस २००८ मध्ये आणि इस्रायली-पॅलेस्टिनी मंडळींनी मिळून उभारलेला घोस्ट २०१० मध्ये बंद पडला. सेवा बंद म्हणजे नुसता प्रोग्रॅम जात नाही, घरच जाते. फायली वेळेत उतरवून घेतल्या नाहीत तर त्याही गेल्या. क्रोम ब्राउझरभोवतीच उभारलेले क्रोमबुक हे लॅपटॉप २०११ मध्ये विक्रीला आले, तेव्हा ब्राउझरलाच संगणक मानण्याची कल्पना टिकली, पण तिने पडद्यातला पडदा टाळला.

मराठवाड्यात वेब डेस्कटॉप हे नाव फारसे कोणी घेत नाही; ब्राउझरमध्ये दिवस काढणे मात्र अंगवळणी पडले आहे. २०१७ चा जिओफोन ज्या कायओएस या प्रणालीवर चाले, तिची ॲप वेबपानांच्याच मालमसाल्यातून बनत. आपले सरकार सेवा केंद्रात सातबारा, उत्पन्नाचा दाखला, महाडीबीटीचा अर्ज, पीकविमा ही सगळी कामे पोर्टलवरच होतात. मग त्या यंत्रावर विंडोज हवी कशाला?

हवी, ती अंगठ्यासाठी. आधारची बोटाचा ठसा घेणारी यंत्रे आरडी सर्व्हिस नावाच्या छोट्या प्रोग्रॅममार्फत बोलतात. तो त्याच यंत्रावर बसवावा लागतो. पोर्टलचे पान ब्राउझरमधून त्याला हाक मारते आणि ठसा मिळवते. डिजिटल सही साठवणाऱ्या, यूएसबीला लावायच्या डोंगलचेही तसेच. वेब डेस्कटॉपला यूएसबीला लावलेल्या वस्तूंचे ड्रायव्हर बसवता येत नाहीत. तेव्हा केंद्रचालकाने कितीही देखणा वेबटॉप उघडला, तरी खाली खरी प्रणाली राहतेच आणि तिची डागडुजीही त्याच्याच गळ्यात पडते. पर्याय म्हणतात तो इथे बहुधा पांघरूणच ठरतो.

दुसरी अडचण मराठीची. कळफलक वेब डेस्कटॉपचा नसतो, खालच्या यंत्राचा असतो. लातूरच्या अभ्यासिकेत स्वतःचा पडदा उघडला तरी त्या यंत्रावर इनस्क्रिप्ट हा देवनागरी कळफलक चालू केलेला नसेल, तर ‘ळ’ उमटायचा नाही. युनिकोडमधला मजकूर सगळीकडे नीट दिसतो. पण डीटीपीवाल्याकडून कृतिदेव या युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये आलेली लग्नपत्रिका तो फाँट नसलेल्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांची भेळ होऊन बसते. त्यात काही कळा ब्राउझर स्वतःकडेच ठेवतो. खिडकी बंद करायला सवयीने कंट्रोल-डब्ल्यू दाबले की आतली खिडकी राहते बाजूला, अख्खा टॅब, म्हणजे अख्खा डेस्कटॉपच, मिटतो.

जुने यंत्र यामुळे नवे होते, हा समज अर्धाच खरा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा अशा यंत्रांवर हलकी लिनक्स टाकून वर वेब डेस्कटॉप उघडणे परवडते. पण विंडोज ७ तशीच ठेवली, तर क्रोम १०९ व्या आवृत्तीपुढे जात नाही आणि नवी पाने हळूहळू रुसू लागतात. शिवाय दोन-चार जीबी रॅम ब्राउझरच खाऊन टाकतो.

झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावून व्हायरस घरी आणण्यापेक्षा फायली अशा पडद्यावर ठेवणे कधीही बरे. मात्र दुकानातल्या यंत्रावर पासवर्ड सेव्ह करू नये, खासगी खिडकीत लॉगइन करावे आणि निघताना लॉगआउट करावे. पेनड्राइव्ह मागे विसरला तर त्यातले तेवढेच जाते; इथे सगळे कपाट उघडे राहते.

मुक्त वेब डेस्कटॉप स्वतःच्या सर्व्हरवरही बसवता येतात. पुटर हा त्यांपैकी एक, त्याचा सोर्स कोड २०२४ मध्ये खुला झाला. महाविद्यालयाच्या लॅबमध्ये एका बऱ्या यंत्रावर तो बसवून बाकीच्या यंत्रांवर लॅनमधून, म्हणजे लॅबच्या आतल्या नेटवर्कवरून, उघडला, तर बाहेरची केबल रस्त्याच्या खोदकामात तुटली तरी मुलांच्या फायली उघडतात. भारनियमनात मात्र इन्व्हर्टरवर मुलांच्या संगणकांबरोबर ते यंत्र आणि सगळी यंत्रे एकमेकांना जोडणारी नेटवर्कची पेटी, म्हणजे स्विच, हे दोन्ही जोडलेले असावे लागतात; स्विच राहून गेला, तर पडदे उजळलेले असूनही लॅब बसून राहते.