आघात-सजग शाळा (सोलापूर)

आघात, म्हणजे ट्रॉमा, म्हटलं की आपल्याकडं लोकांना हायवेवरचं अपघाताचं ट्रॉमा सेंटर आठवतं. इथं हाडं नाही मोडलेली, घरातली मारहाण, जवळच्याचं मरण, सततचं स्थलांतर, लैंगिक अत्याचार, वस्तीवर रात्री पडलेली धाड असलं काहीतरी लहानपणी वाट्याला आलं आणि अंग अजून ते विसरलेलं नाही, असा त्याचा अर्थ. हे ध्यानात ठेवून वर्ग, वसतिगृह आणि शिस्त चालवायची पद्धत म्हणजे आघात-सजग शाळा. अमेरिकेत 1998 साली बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांवर मोठा अभ्यास छापून आला, त्यात असे अनुभव जितके जास्त तितके मोठेपणी आजार आणि व्यसनं जास्त असं दिसलं, आणि तिथून हा विषय हळूहळू शाळांपर्यंत आला.

सोलापुरात मात्र या विषयाला जुनं मूळ आहे, ते म्हणजे सेटलमेंट, इंग्रजांच्या काळातली सक्तीची वसाहत. 1871 ला सुरू झालेल्या आणि पुढं इकडंही लागू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जातीच्या जाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, आणि इथं पारधी, कैकाडी, टकारी वगैरे लोकांना तारेच्या कुंपणात ठेवून हजेरी घ्यायचे. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा गेला, पण पोलिसांचा संशय कुठं गेला? आता शाळेतही रोज हजेरीच असते. त्यामुळं नाव पुकारल्यावर एखादं पारध्याचं पोरगं गप्प बसलं तर ते उद्धट असेलच असं नाही, घरात वडीलधाऱ्यांकडून हजेरीच्या काय गोष्टी ऐकल्यात ते आपल्याला माहीत नसतं. त्यात घरी त्याची वेगळीच बोली, वर्गात पुस्तकी मराठी.

दुसरा गट ऊसतोड टोळ्यांच्या पोरांचा. गाळप हंगाम सुरू झाला की ती आई-बापाबरोबर फडावर जातात नाहीतर हंगामी वसतिगृहात मागं राहतात, आणि परत आल्यावर पहिला प्रश्न हाच, "इतके दिवस कुठं होतास रे?" तोही सगळ्या वर्गासमोर.

वर्गात हे कसं दिसतं? डस्टर टेबलावर आपटला की एकच पोरगी दचकते, बाकी हसतात. कुणी रोज दाराजवळची, भिंतीला पाठ लागेल अशी जागा धरतो. आश्रमशाळेत कुणी जेवणातली अर्धी भाकरी दप्तरात लपवतो आणि त्याला चोर म्हणतात. वसतिगृहात अंथरूण ओलं झालं तर ते सगळ्यांदेखत बाहेर वाळत घालायला लावणं, ही तर माझ्या मते शिक्षाच, आणि मानसिक छळ तर शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नं बंदच केलाय.

करायचं काय, तर फार खर्चाचं काही नाही. दिवसाचा क्रम फळ्यावर लिहायचा, तासात बदल असेल तर आधी सांगायचं, मागून येऊन खांद्यावर हात टाकायचा नाही, "बोलायचंय का नको" हे पोराला ठरवू द्यायचं, उशिरा आलेल्याला आधी बसू द्यायचं आणि मग बाजूला घेऊन विचारायचं. गुरुजींनी डॉक्टर व्हायचं नाही, जखम उकरून तर अजिबात काढायची नाही. झोप उडाली, जेवण सुटलं, मरायची भाषा आली की सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीला न्यायचं किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन लावायचा, मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहेच. घरचे आधी देवऋषाकडं नेतात, त्यावरून भांडत बसण्यापेक्षा "तिकडं जा, पण डॉक्टरलाबी दाखवा" एवढं म्हटलं तरी लोक येतात.

एक अडचण नीट समजून घ्यावी लागते. "कुणाला सांगणार नाही" असं वचन मॅडमनी आधीच देऊन टाकलं आणि पोरीनं लैंगिक अत्याचाराचं सांगितलं, तर पोक्सो 2012, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याप्रमाणं पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे आणि वचन मोडावं लागतं. म्हणून सुरवातीलाच सांगायचं, "तुला धोका असेल तर मला पुढं सांगावं लागेल, पण कुणाला सांगतेय ते तुला आधी कळेल."