गाडीतला वूफर घरात आणताना

गाडी भंगारात निघाली की इंजिन, दारं, काचा यांना लगेच गिऱ्हाईक मिळतं. डिकीतला वूफर, म्हणजे खालच्या सुरांचा (बेसचा) मोठा स्पीकर, मात्र बऱ्याचदा पडून राहतो. कुर्ल्यातल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या गल्ल्यांत किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात नीट हिंडलं तर असा बारा इंची वूफर नव्याच्या मानाने खूपच स्वस्तात हाती लागतो. तो धड असेल तर घरच्या टीव्हीला किंवा गाण्यांना त्यातून भरदार बेस मिळतो, याबद्दल मला शंका नाही. तरीही अनेकांची निराशा होते. ते डिकीतल्या डब्यासकट वूफर खोलीत आणून ठेवतात, तारा जोडतात, आणि गाडीत छातीत धडधडणारा आवाज घरात पोकळ येतो, नाहीतर एकाच सुरावर घुमत राहतो. वूफर तोच असतो, बदललेली असते ती त्याच्याभोवतीची हवा.

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. ४० हर्ट्झच्या सुराची एक लाट म्हणजे साडेआठ मीटरहून जास्त लांब. गाडीची आतली जागा फार तर अडीच-तीन मीटर. अख्खी लाट तिथे मावतच नाही. त्यामुळे इतक्या खालच्या सुरांना वूफर लाटा सोडत नाही, तो सायकलच्या पंपासारखा काम करतो: कोन (स्पीकरचा पुढे-मागे हलणारा शंकूसारखा पडदा) पुढे आला की बंद गाडीतल्या सगळ्या हवेचा दाब एकदम वाढतो, मागे गेला की उतरतो. गाडीच्या लांबीनुसार साधारण ६० हर्ट्झच्या खाली हा परिणाम सुरू होतो आणि सूर जितका खालचा, तितकी गाडीची मदत जास्त. हिशेबाने ही वाढ दर सप्तकाला, म्हणजे हर्ट्झ निम्मे झाले की, १२ डेसिबलपर्यंत जाते. फटी आणि लवणारे पत्रे यांमुळे प्रत्यक्षात ती कमी भरते, पण तरी भरपूर असते.

घरच्या खोलीत ही मदत उशिरा सुरू होते. पंधरा फुटांच्या खोलीत ती ३८ हर्ट्झच्या आसपास लागते, आणि दार-खिडकी उघडी असली तर तीही गळून जाते. म्हणजे गाडी जे फुकट देत होती ते आता कोनलाच करावं लागतं, आणि इथे भौतिकशास्त्र फार कडक आहे. आवाजाची पातळी तीच ठेवून एक सप्तक खाली उतरायचं तर कोनला चौपट अंतर पुढे-मागे जावं लागतं. ८० हर्ट्झला एक मिलिमीटर हलणारा कोन ४० ला चार मिलिमीटर आणि २० ला सोळा मिलिमीटर हलायला हवा. वूफर मोठा का लागतो, त्याची कडेची रबरी किंवा फोमची वळी इतकी जाड का असते, हे यातूनच कळतं.

भंगारातून वूफर घेताना म्हणूनच आधी ती वळी बघा. फोमची असेल तर बोटाने हलकेच दाबा. जुना फोम भुगा होऊन हाताला लागतो. मग दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवून तो सरळ आत दाबा आणि कान जवळ न्या. कोनला हलवणारी तारेची कॉइल मॅग्नेटच्या फटीत घासत असेल तर खरखर ऐकू येते, आणि असा वूफर फुकट मिळाला तरी सोडून द्यावा. मल्टिमीटर लावला तर चार ओहमची कॉइल साधारण सव्वातीन ते साडेतीन ओहम दाखवते. काही वूफरना दोन कॉइली असतात. चार-चार ओहमच्या दोन कॉइली एकामागे एक जोडल्या तर आठ ओहम होतात, शेजारी शेजारी जोडल्या तर दोन. जुना अ‍ॅम्प्लिफायर दोन ओहम पेलेलच असं नाही, हे जोडण्याआधी बघायचं.

आता डबा. गाडीतला डबा, विशेषतः तो गोल बेस ट्यूब, गाडीच्या जागेचा विचार करून बनवलेला असतो. त्याला बहुतेकदा एक नळी असते आणि ती नळी आतल्या हवेसह एका ठरावीक सुरावर जोरात बोलते. गाडीत ते खपून जातं. घरात तोच एक सूर कानात बसतो. शिवाय नळीच्या सुराच्या खाली गेलं की कोनला मागून हवेचा आधार उरत नाही, तो वाटेल तसा हलतो आणि कॉइल आपटते. ज्या वूफरची माहिती हातात नाही, त्याच्यासाठी मी नळीचा डबा कधीच सुचवणार नाही. सगळ्या बाजूंनी बंद, हवाबंद डबा घ्यावा.

लहान बंद डबा लोकप्रिय केला तो एडगर विल्चर यांनी. १९५४ मध्ये अमेरिकेत त्यांनी दाखवून दिलं की लहान बंद डब्यातली हवा स्वतःच कोनसाठी उत्तम स्प्रिंग होते, आणि ही स्प्रिंग कापडी-रबरी आधारापेक्षा जास्त एकसारखी वागते. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला वूफरचं सगळं वागणं थोडक्या आकड्यांत बसवलं. आज वूफरच्या माहितीपत्रकावर एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस हे तीन आकडे दिसतात ते त्यांचेच. एफएस म्हणजे वूफर मोकळा असताना त्याचा स्वतःचा सूर. क्यूटीएस म्हणजे तो किती लवकर थांबतो याचं माप. व्हीएएस म्हणजे त्याच्या लवचीकपणाइतकाच लवचीक हवेचा साठा किती लिटरचा.

भंगारातल्या वूफरला माहितीपत्रक कुठून येणार? पण यातले दोन आकडे घरी काढता येतात, आणि या सगळ्या उद्योगात मला सर्वांत आवडणारं काम हेच. अ‍ॅम्प्लिफायर आणि वूफर यांच्यामध्ये १०० ओहमचा, पाच वॅटचा रेझिस्टर घाला. फोनवर सूर काढणारं अ‍ॅप घ्या, फोन अ‍ॅम्प्लिफायरला जोडा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याच्या पिना वूफरच्या दोन टोकांना लावा. आवाज बेताचाच ठेवा. आता ८० हर्ट्झपासून एकेक हर्ट्झ खाली या. आकडा हळूहळू चढतो, एका जागी सर्वांत वर जातो आणि पुन्हा उतरतो. तो शिखराचा सूर म्हणजे एफएस. बारा इंची वूफरसाठी तो बहुधा २५ ते ४० च्या दरम्यान सापडतो. वर्षानुवर्षं पडून राहिलेला वूफर आधी २० हर्ट्झवर काही मिनिटं हलवून घ्यावा, कारण आतला स्पायडर (कोनला मागून धरणारी लवचीक कापडी चकती) आखडलेला असतो आणि आकडा फसवा येतो.

मग तोच वूफर ठाऊक मापाच्या बंद डब्यात बसवून पुन्हा मोजा. समजा मोकळ्या हवेत ३२ हर्ट्झ आले आणि ३७ लिटरच्या डब्यात ५१. भागाकार साधारण १.५९४, त्याचा वर्ग साधारण २.५४. त्यातून एक वजा करून डब्याच्या लिटरने गुणलं की व्हीएएस मिळतो: ५७ लिटर. डबा जितका लहान, तितका सूर वर चढतो आणि क्यूही (थांबण्याचं तेच माप, पण डब्यात बसवल्यावरचं) त्याच पटीत वाढतो. त्या वूफरचा क्यूटीएस ०.५ असेल तर ३७ लिटरमध्ये तो ०.८ होतो, ५७ लिटरमध्ये ०.७. घरात ०.७ च्या आसपास राहिलेलं बरं, कारण तिथे बेस सपाट उतरतो आणि ठोका मारून लगेच थांबतो. १ च्या पुढे गेलं की ढोलाचा प्रत्येक ठोका लांबत जातो. म्हणजे घरासाठी डबा गाडीतल्यापेक्षा थोडा मोठा हवा.

सुताराकडून १८ मिलिमीटरच्या प्लायचा किंवा एमडीएफचा डबा करून घ्या, आतून सांधे फेव्हिकॉलने भरून घ्या, तारेच्या भोकाला एम-सील लावा. आत जुन्या उशीतला कृत्रिम कापूस सैलसर भरला तर डबा हवेच्या दृष्टीने थोडा मोठा झाल्यासारखा वागतो. दाबली गेलेली हवा तापते आणि जास्त ताठ होते. कापसाचे धागे ती उष्णता शोषतात आणि हवा मऊ राहते.

विजेचा प्रश्न उरतो. गाडीचा अ‍ॅम्प्लिफायर १२ व्होल्ट मागतो, तोही इंजिन चालू असतानाच्या १४ व्होल्टच्या आसपास. अ‍ॅम्प्लिफायरची ताकद बहुधा १४.४ व्होल्टवर मोजून छापतात. अनेक अ‍ॅम्प्लिफायर १२ व्होल्टवर त्याच्या जेमतेम सत्तर टक्के देतात. जुन्या संगणकाचा एसएमपीएस (घरची वीज कमी व्होल्टची करून देणारी पेटी) चालतो: पिवळ्या तारा १२ व्होल्ट, काळ्या ग्राउंड, आणि हिरवी तार काळीला जोडली की तो सुरू होतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘रिमोट’ टोकालाही १२ व्होल्ट द्यावे लागतात, नाहीतर तो जागा होत नाही. मोठ्या ठोक्याला एसएमपीएस बंद पडत असेल तर पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एलईडी पट्ट्यांसाठीचा १२ व्होल्ट, ३० अँपिअरचा एसएमपीएस मिळतो, तो घ्या. १२ व्होल्टच्या तारेत फ्यूज हवाच. एसएमपीएस उघडू नका, आत सव्वातीनशे व्होल्ट साठलेले असतात. गाडीची बॅटरी बंद खोलीत चार्ज करायला ठेवू नका, तिच्यातून हायड्रोजन निघतो. आणि ५० हर्ट्झची गुणगुण आली म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कापू नका. आवाजाच्या तारेत छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला की ती बहुधा जाते.

शेवटी खोली. आपल्याकडच्या विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंती बेस बाहेर कमी सोडतात, त्यामुळे समोरासमोरच्या भिंतींमध्ये लाटा अडकून उभ्या राहतात. बारा फुटांच्या खोलीत ४७ हर्ट्झ आणि दहा फुटांच्या बाजूला ५६ हर्ट्झ असे फुगतात, की एका खुर्चीत बेस अंगावर येतो आणि दोन पावलांवर गायब होतो. वूफर कुठे ठेवायचा हे शोधायला तो तुमच्या बसायच्या जागी ठेवा, गाणं लावा आणि भिंतींच्या कडेने गुडघ्यांवर रांगत फिरा. जिथे बेस सर्वांत एकसारखा ऐकू येईल, तिथे वूफर ठेवा. आवाजाचा स्रोत आणि कान यांची अदलाबदल केली तरी ऐकू येणारा आवाज तोच राहतो, हे तत्त्व एकोणिसाव्या शतकातच हेल्महोल्ट्झ आणि रेले यांनी मांडलं होतं.

जागा ठरली की अ‍ॅम्प्लिफायरवरचा लो-पास (ठरवलेल्या सुराच्या वरचा आवाज अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झच्या आसपास आणा, कारण त्याच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला सहज कळत नाही. मग घरचे नेहमीचे स्पीकरही चालू ठेवून ८० हर्ट्झचा सूर लावा, खुर्चीत बसा आणि कुणाला तरी वूफरच्या दोन तारा उलट करायला सांगा. दर वेळी अ‍ॅम्प्लिफायर बंद करूनच. ज्या जोडणीत आवाज मोठा येतो तीच कायम ठेवा.